केबिन ते ठरवतील

टॅम्सिननं दोन कागद ठेवले काउंटरवर.
नखांचा रंग ओला, म्हणून बोटांची पेरं टेकवत म्हणाली,
हे भाडं स्वस्त. पण केबिन ते ठरवतील,
पुढची, मागची, इंजिनाच्या डोक्यावरची, कुठलीही.
रद्द केलंत तर पैसे बुडाले.
हे दुसरं महाग. केबिन तुम्ही निवडायची,
साउथॅम्प्टनला गाडी ठेवायची सोय,
शिवाय बोटीवर उडवायला शंभर पौंड.

गाडी क्लिफर्डबरोबरच गेली. म्हणजे विकली.
आणि शंभर देणार म्हणजे आधी तीनशे घेणार.
एकतीस वर्षं प्लिमथच्या शाळेत डाव धरलाय मी,
कुठल्या पातेल्यातलं कुठल्या ताटात जातं, कळतं मला.
निवडायचं म्हणाल तर
नकाशावरचे ते चौकोन कुठे सांगतात
भिंतीपलीकडे कोण आहे?
स्वस्तातलं दे, म्हटलं.

त्यांनी ठरवलं:
चौथा मजला, खिडकी नाही,
शेजारी एक दार, त्यावर पाटी,
फक्त कर्मचाऱ्यांसाठी.

रात्री साडेअकराला त्या दारामागे
लोखंडी जिन्यावरून बूट उतरायचे.
कुणी हसायचं. कुणी फोनवर
लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचं,
शब्द कळायचे नाहीत,
फक्त शेवटी एकच नाव, तीनदा.
सकाळी तोच आवाज माझ्या दारावर.
रोदेल. इलोइलोचा.
गुड मॉर्निंग, मिसेस इनिड.
संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा हत्ती,
हत्तीच्या डोळ्यांवर माझा वाचायचा चष्मा.

ओल्डेनला पाऊस होता, उतरले नाही.
टीव्हीवर हिशेब पाहिला.
कॉफी एक. पोस्टकार्डं सहा.
आणि रोज, न चुकता, बक्षिसी.
मी तर कुणाच्या हातावर काही ठेवलं नव्हतं.
दर रात्री माझ्या झोपेत
मी उदार होत होते.

शेवटच्या संध्याकाळी रिसेप्शनपुढे रांग.
माझ्यापुढे निळा कोट. म्हणाला,
बक्षिसी काढून टाका. दोघांची, सात रात्रींची.
ज्याला द्यायची त्याला मी माझ्या हातानं देईन.
पोरीनं काढली. एक बटण.
मला वाटलं होतं, काहीतरी वाजेल.

माझी पाळी आली. विचारलं,
हे पैसे त्याला पोचतात का?
सगळ्यांत वाटले जातात, मॅडम,
तुम्हाला दिसतात त्यांच्यात, दिसत नाहीत त्यांच्यातही.
पाठ केलेलं वाक्य, मध्ये श्वास न घेता.
भांडी घासणाऱ्यांनाही?
तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.
हो. त्यांनाही.
मग राहू दे, म्हटलं.

एकतीस वर्षांत मला बक्षिसी एकदाच मिळाली.
सात वर्षांचा एक मुलगा, पुढचे दात पडलेला,
कस्टर्ड डावभर जास्त वाढलं म्हणून
रिकाम्या ट्रेमध्ये चमच्याखाली
दोन पेन्स ठेवून पळाला.
परत करायला हवे होते.
केले नाहीत.

रात्री पाकिटात वीसची नोट घातली.
काढून दहाची घातली.
पुन्हा वीसची.
हिशेबात आहेच की त्याचं, मन म्हणे,
आणि तेच मन म्हणे, लाज वाटू दे, इनिड.
वर काय लिहायचं?
भिंतीतून ऐकलेलं ते नाव लिहावंसं वाटलं,
पण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.
कोरंच ठेवलं.

सकाळी बोळात रोदेल,
हातांत दुसऱ्याच कुणाच्या चादरी.
पाकीट न बघता खिशात सरकवलं त्यानं
आणि विचारलं, झोप लागत होती ना?
तो जिना फार वाजतो.
पुढच्या वेळी, मिसेस इनिड,
थोडे जास्त भरा, केबिन निवडून घ्या.
बरं, म्हटलं.

गोदीवर टॅक्सीची रांग.
माझ्यापुढे पुन्हा
निळा कोट.